कोड एकोणतीस

सोमवार, ३ मार्च

त्रेचाळीस! आज मोजले. आमच्या चॅटच्या ॲपमध्ये मेसेज इकडून तिकडे नेणारी जी लायब्ररी आहे — ऑफिसात तिला सगळे 'निरोप्या' म्हणतात — तिच्यात त्रेचाळीस एरर कोड आहेत. म्हणजे मेसेज न पोचण्याची त्रेचाळीस कारणं. आणि ती सगळीच्या सगळी आता माझ्या गळ्यात! डेडलाईनबाई म्हणाल्या, "प्रत्येक कोडला एक नीट वाक्य लिही. माणसाला कळेल असं. आणि घाबरवू नकोस कुणाला." (आमच्या गटाच्या प्रमुख. नाव आम्हीच ठेवलंय, त्यांना माहीत नाही. असेलही.)

ज्या गृहस्थांनी निरोप्या मुळात लिहिला ते केव्हाच नोकरी सोडून गेले. जाताना कोड १७ पुढे लिहून गेलेत : 'काहीतरी बिनसलं. काय, ते मलाही कळलेलं नाही.' प्रामाणिक माणूस!

शून्य म्हणजे सगळं सुरळीत. शाळेत शून्यापायी बोलणी खाल्ली, इथे शून्य दिसलं की जीव भांड्यात पडतो.

मंगळवार, ४ मार्च

कोड ७ : 'सर्व्हर उत्तर देत नाही.' बाईंना फार तुसडं वाटलं. 'सर्व्हर जरा कामात आहे' असं केलं. सर्व्हर आडवा पडलेला असतो हो तेव्हा!

बुधवार, ५ मार्च

भांडले. अण्णांशी. म्हणजे भांडायलाही दोघं लागतात, मी एकटीच ओरडले.

मीटिंगच्या ऐन मध्यात तिसरा फोन. पहिला — जेवलीस का? दुसरा — तुझी निळी ओढणी इथेच राहिलीय. तिसऱ्याला म्हणाले, "डोळ्यांचं जरा सांगायचं होतं—" आणि मी खेकसले. सगळ्यांसमोर. "अण्णा, कामात फोन करू नका हो! काय असेल ते लिहून पाठवा. एवढ्यासाठीच ॲप घातलंय ना तुमच्या फोनवर!"

पलीकडे शिलाई मशीनची घरघर थांबली. "बरं. लिहून पाठवतो," म्हणाले आणि ठेवला.

ॲप मीच घातलं होतं, गेल्या महिन्यात. कच्ची आवृत्ती वापरून बघायला आम्हाला दोनशे माणसं हवी होती, म्हणून प्रत्येकाने घरचे लोक वेठीला धरले. कुणाचा मेहुणा, कुणाची सासू, माझे अण्णा. शिंपीकाम करतात. लहान असताना शाळेला निघण्याआधी मी त्यांना दहा सुया ओवून द्यायची, दिवसभर पुरायच्या. पावणेसातला शाळेची गाडी यायची, तोवर दहा झाल्याच पाहिजेत! तेव्हाही त्यांना चष्मा होताच. उगाच कामाला लावायचे मला.

वाईट वाटतंय. पण आता त्यांनी आधी लिहावं. मग मी लगेच सॉरी म्हणेन. ठरलं.

गुरुवार, ६ मार्च

नवा फोन मिळाला, ऑफिसचा! जुन्यातलं सगळं यात आणेपर्यंत अर्धा दिवस गेला.

जेवणाच्या सुट्टीत कोड २९ तपासायला घेतला. २९ म्हणजे समोरच्याने तुम्हाला ब्लॉक केलंय. तपासायला कुणाला तरी ब्लॉक करायला लागतं. त्यासाठी आमची खोटी खाती आहेत, अअ-१, अअ-२ अशी. नावं मुद्दाम अशी की यादीत सगळ्यात वर येतात आणि न बघता बोट ठेवता येतं. एका हातात चमचा, दुसऱ्या हाताने वरच्या नावावर बोट, ब्लॉक. झालं काम, मेसेज पाठवून बघायचं तेवढं राहिलं.

संध्याकाळी यावरून खडाजंगी. आमचा टेस्टर — शंकासूर, कारण त्याला सूर्य उगवल्याचाही पुरावा लागतो — म्हणे २९ आला की सरळ सांगा, 'तुम्हाला ब्लॉक केलं आहे.' मी म्हटलं, अरे, त्या माणसाच्या जिवाला काय वाटेल? त्याला आपली साधी टिक दाखवायची, मेसेज गेला म्हणून. मेसेज मात्र टाकून द्यायचा. साठवायचासुद्धा नाही. "म्हणजे खोटं बोलायचं?" "खोटं नाही रे, भीड!" बाईंनी माझ्या बाजूने कौल दिला. लगेच कच्च्या आवृत्तीत घातलंसुद्धा. जिंकले!

शुक्रवार, ७ मार्च

अण्णांचा मेसेज नाही. ठीक आहे.

सोमवार, १० मार्च

नाही. फोनही नाही. मीच नको म्हटलं होतं ना, ते अक्षरशः पाळतायत! रुसण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मी सोडून.

बुधवार, १२ मार्च

आज करमणूक झाली. कोणता कोड किती वेळा आला त्याचा तक्ता आता रोज निघतो. नावं नसतात, मजकूर नसतो. पाठवणाऱ्या फोनच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे आणि वेळ, एवढंच. शंकासूर ओरडत आला, "२९ बघ, २९!" एकच फोन, ..६४. शुक्रवारपासून रोज सकाळी बरोबर सहा चाळीसला एक मेसेज. रोज कोड २९. रोज आपली खोटी टिक!

कोणीतरी याला ब्लॉक केलंय आणि या बाबाला पत्ताच नाही. आम्ही त्याचं नाव 'चिवट' ठेवलं.

सोमवार, १७ मार्च

चिवट रविवारीसुद्धा हजर! सहा चाळीस. सगळा मजला आता सकाळी आल्या आल्या आधी चिवटाची चौकशी करतो, मग चहा. बाई म्हणतात प्रेमभंग. शंकासूर म्हणतो विमा विकणारा असणार, प्रेमात पडलेला माणूस पहाटे कशाला उठेल? मी म्हटलं, अरे मूर्खा, पुरे कर आता, तिला नकोयस तू! सगळे हसले.

अण्णांचं काही नाही. नवीन मेसेज आला की नाव आपोआप वर येतं, तेव्हा शोधायला जायचा प्रश्नच नाही. आणि मी शोधणारही नाही.

मंगळवार, १८ मार्च

चिवट : हजर. अण्णा : गैरहजर.

शुक्रवार, २१ मार्च

शंकासूर आज जरा गंभीर होता. म्हणाला, "तू त्याला खरं सांगितलं असतंस तर दुसऱ्याच दिवशी थांबला असता बिचारा. पंधरा दिवस भिंतीशी बोलतोय." मी म्हटलं, बोलू दे, त्याचं काय जातंय? पण घरी येईपर्यंत ते डोक्यात राहिलं.

अण्णा डोळ्यांचं काय सांगत होते त्या दिवशी? मला ऐकून घ्यायला काय झालं होतं? मनात पाच वेळा फोन लावला. उद्या लावते.

रविवार, २३ मार्च

लावला नाही. त्यांनी का लिहू नये? दोन ओळींना काय होतं? इथे एक अनोळखी माणूस रोज लिहितोय, आणि माझा सख्खा बाप—! रडू आलं. मूर्खासारखं.

बुधवार, २६ मार्च, दुपार

आज चिवट आला नाही! पहिल्यांदाच. सात वाजले, आठ, नऊ. काही नाही. बाई खरोखर हळहळल्या. शंकासूर म्हणाला, "शहाणा झाला शेवटी." मला का चुटपुट लागावी?

आणि आत्ता, जेवताना, आत्याचा फोन. "अगं, आज सकाळी दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. आता घरी आणलंय. तू येशील म्हणून शेवटपर्यंत दाराकडे बघत होता!"

मला कुठे माहीत होतं? तर म्हणते, "काय बोलतेस! रोज तर लिहितो तुला. मला दाखवलं त्यानं, गेलेले म्हणून खुणा आहेत सगळ्यांवर. एका शब्दाने उत्तर नाही तुझं!"

एक ओळ आलेली नाही मला. एक! आत्याला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे माझा दादा खोटं बोलतो?" वर माझ्यावरच! अर्धी रजा टाकली. निघते.

बुधवार, २६ मार्च, संध्याकाळ

बसमध्ये फोन काढला, 'निघालेय' असं अण्णांना लिहायला. यादीत त्यांचं नाव नाही. ब्लॉक केलेल्यांत सापडलं. एकटंच. ६ मार्च, जेवणाची सुट्टी. नव्या फोनवर यादी नावांनी लागत नाही; शेवटी ज्याने लिहिलं तो वर असतो, अअ-१ नाही, आणि या ॲपवर मला लिहिणारे एकटे अण्णाच.

चिवट म्हणजे अण्णा. ब्लॉक करणारी मी.

एकोणीस मेसेज. एकही परत मिळत नाही, साठवायचे नाहीत हे मीच ठरवलं.

अण्णा खाटेवर होते, एका डोळ्यावर पट्टी. सगळं सांगितलं. चिवट म्हणून हसलो तेही सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे तू रागावली नव्हतीस माझ्यावर?"

"नाही हो अण्णा."

"मग बरं."

विचारलं, "काय लिहायचात रोज?"

"विशेष काही नाही गं. ऑपरेशनची तारीख एकदा लिहिली. बाकी रोजचं तेच — सुया राहिल्यात ओवायच्या."

मशीनवर सुया खोचायची उशी होती. दहाच्या दहा सुया बिनदोऱ्याच्या, शेजारी दोऱ्याची टोकं चावून चावून झालेली. ओवायला बसले. मला दिसेना काही, डोळ्यांतून पाणीच थांबेना. अण्णा खाटेवरून म्हणाले, "सावकाश. गाडीला वेळ आहे अजून."