परक्या घरची सवलत

१२ मार्च, गुरुवार. सकाळी ११.४२.

वाचनालयाच्या हॉलमध्ये, तेवीस माणसांसमोर, माझा अपमान झाला. वेळ भिंतीवरच्या घड्याळाची. माझंही घड्याळ तेच सांगत होतं.

निवृत्तांच्या वर्गात आम्ही ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकतो. आज प्रत्येकाने आपला प्रोग्राम मास्तरांच्या लॅपटॉपवर चालवून दाखवायचा होता. ज्याचा उत्तम, तो पुढच्या तुकडीला सहाय्यक. चौतीस वर्षं गणित शिकवल्यावर ती जागा कोणाची, हे विचारायलाच नको.

माझा विषय: घरासमोरच्या थांब्यावरच्या बस. सहा आठवडे खिडकीत बसून २१४ गाड्यांच्या वेळा घेतल्या. ‘उशीर’ नावाचं फंक्शन लिहिलं. सवलतीपेक्षा जास्त मिनिटं उशीर झाला, की गाडी दोषी. सवलत पाच मिनिटं. घरी दोषी गाड्या १३१. आज पडद्यावर: शून्य.

माझ्या आधी वर्गातल्याच एका दंतवैद्यांची पाळी. त्यांचा विषय वेळेवर न येणारे पेशंट. मोठ्याने म्हणाले, बाई, तुमच्या गाड्या माझ्या पेशंटांपेक्षा शिस्तीच्या निघाल्या की! हॉल हसला. शी.

संध्याकाळी ५.

घरी तीनदा चालवलं. १३१, १३१, १३१. म्हणजे मी बरोबर. दंतवैद्यांनीच काहीतरी केलं. संकल्प: त्यांच्याशी अबोला.

१३ मार्च.

मास्तरांना फोन. त्यांनी विचारलं, सवलत म्हणजे पाच, हे फाइलमध्ये कुठे लिहिलंय? मी म्हटलं, फाइलमध्ये कशाला? सहा आठवड्यांपूर्वी संगणकाला एकदा सांगितलंय. माझ्या वर्गात एकदा सांगितलं की पुरत असे. (सातवी ब सोडून.)

मास्तर म्हणाले, फंक्शन आधी आपल्या खोलीत शोधतं. तिथे नसलं तर ते जिथे जन्मलं त्या घरात शोधतं. माझ्या लॅपटॉपवर तुमची फाइल उघडली, तेव्हा डॉक्टरांची सवलत तिथेच पडली होती. तीस मिनिटांची. तुमच्या फंक्शनने तीच उचलली.

न विचारता-सवरता? आमच्या कॉन्व्हेंट शाळेत दुसऱ्या मुलीच्या डेस्कातली पेन्सिल उचलली, तर सिस्टर तासभर उभं करत. आणि ‘सवलत’ हा शब्द त्या माणसाला मीच सुचवला होता. चहाच्या वेळी. भलाई करू नये.

मंगळवारी पुन्हा संधी. लॅपटॉप रिकामा करून ठेवणार म्हणाले. उत्तम.

१४ मार्च.

सून संगणकावरच नोकरी करते. न विचारता शेजारी येऊन बसली. म्हणाली, आई, फंक्शन म्हणजे लग्न झालेली मुलगी समजा. बोलावणं कोणाचंही येवो, वस्तू जवळ नसली की ती माहेरी शोधते, बोलावणाऱ्याकडे नाही. टोमणा कळला. गेल्याच आठवड्यात मिक्सर आईकडून घेऊन आली.

शिवाय म्हणाली, आर बंद करताना ‘सगळं जपून ठेवू का’ विचारतं, तेव्हा तुम्ही रोज हो म्हणता. म्हणून ती जुनी सवलत इथे अजून जिवंत आहे. मग? मी वस्तू टाकणाऱ्यांतली नाही. तिचं मत: सवलत फंक्शनच्या हातातच देऊन पाठवा. हातात देऊन देऊनच तिने माझा मुलगा बिघडवला.

मी स्वतःचा उपाय काढला. ‘तयारी’ नावाचं दुसरं फंक्शन. त्याच्या आत लिहिलं, सवलत म्हणजे पाच. आधी तयारी, मग उशीर. चालवलं. १३१! सुनेने तोंड उघडलं. मी हात वर केला. तिने मिटलं.

१७ मार्च, मंगळवार. ११.१०.

पडद्यावर लाल अक्षरं. सवलत सापडली नाही.

मास्तर म्हणतात, तयारीच्या आत ठेवलेलं तयारीच्याच खोलीत राहतं. काम संपलं की खोली बंद, वस्तू गेली. उशीरला ती दिसतच नाही. घरी चाललं ते जुन्या सवलतीमुळे. मी म्हटलं, ही कसली भाषा? पाठ फिरवली की विसरणारी! दंतवैद्य मागून म्हणाले, बाई, सवलत फंक्शनच्या कंसात घालून पाठवा, सोपं आहे. अबोला असल्याने उत्तर दिलं नाही. नुसतं पाहिलं.

१८ मार्च.

सोक्षमोक्ष लावायचा ठरवला. माझ्याही संगणकावरचं सगळं पुसून, कोऱ्या पाटीवर चालवून दाखवणार. पुसायची आज्ञा पाठ आहे. दिली, आर बंद करताना सवयीने ‘हो’ म्हटलं, पुन्हा उघडलं. चालवलं.

लाल अक्षरं. या वेळी सवलतीचंही नाव नाही. गाड्याच सापडेनात.

सुनेने विचारलं, वेळा कागदावर असतीलच ना? नाहीत. खिडकीतून थेट टाइप केल्या होत्या, आणि वर्गात ज्या पेनड्राइव्हवर नेल्या तो मंगळवारी परतताना बसमध्येच राहिला. ती उठली. चहा केला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२१४ गाड्या. त्यातल्या दोन तर पावणेआठच्या थंडीतल्या.

२० मार्च.

सूचनाफलक. सहाय्यक: दंतवैद्य. खाली बारीक अक्षरांत, विद्यार्थ्यांनी तक्रारी सहाय्यकांकडे लेखी द्याव्यात. किळस आली. घरी येऊन कच्चा मसुदा केला:

प्रति, सहाय्यक, आर वर्ग.

महोदय, ज्या भाषेत फंक्शन परक्याची वस्तू उचलतं आणि कोणी जाब विचारत नाही, ती भाषा ज्येष्ठांना शिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमची तीस मिनिटं लॅपटॉपवर पसरलेली ठेवून तुम्ही जागेवर जाऊन बसलात, याचा खुलासा करावा. माझा नव्या तुकडीचा प्रवेशअर्ज काल वाचनालयाच्या खिडकीवर दिला आहे. तो पोचला की नाही, आणि बसायची जागा पहिल्या रांगेत मिळेल का, हे सोमवार, २३ मार्च, दुपारी बारापूर्वी लेखी कळवावं. तोंडी उत्तर चालणार नाही. आपला अबोला आहे.