वाक्य पुरं होईपर्यंत

३ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुरुंगातली पत्रं साहेब आधी वाचतात म्हणे, त्यांनाही नमस्कार. तुझी बायको लाउडस्पीकरचं दुकान रोज उघडते, गिऱ्हाईक मात्र फिरकत नाही. वकील म्हणतात, सभेतल्या त्या नर्सबाईंचं भाषण राजद्रोही होतं आणि ते कळूनही माइक चालू ठेवला, असं लिहून माफी माग, लगेच जामीन होईल. सही कर रे. इन्स्पेक्टरने बंद कर म्हटल्यावर का नाही केलास? राजद्रोह आणि तू! बायकोपुढे तुझा आवाज फुटत नाही.

काळजीने अर्धी झालेली,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साहेब नमस्काराने खूश आहेत. अगं, बोलणाऱ्याचा आवाज मधेच तोडायचा नाही, वाक्य पुरं झालं की हळूहळू खाली आणायचा, ही माझी कामाची पद्धत. मंत्र्यांच्या सभेतही तेच केलं. तेव्हा कुणी कलम लावलं नाही. बाई म्हणाल्या की दवाखान्याला डॉक्टर दिला नाही तर हे सरकार पाडू, आणि पाडू ते मत देऊन. आरोपपत्रात फक्त सरकार पाडू एवढंच! वाक्य तोडलं त्यांनी, आत मी. सही केली तर बाई कायमच्या अडकतील. तू पुढेच बसली होतीस. काय ऐकलंस, तेवढं कळव.

लोभ पाठवत जा, तो अजून आत येऊ देतात.
तुझा भोंग्या

२२ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सगळं ऐकलं होतं. टाळ्याही वाजवल्या होत्या. तरी तुला खोटं लिही म्हणाले. ती तुझी काळजी होती की माझ्या नोकरीची, हे अजून स्वतःला नीट सांगता येत नाही.

काल जामिनाच्या सुनावणीत साक्ष दिली. सरकारी वकील मधेच म्हणाले, एवढं पुरे. मी म्हटलं, वाक्य अर्धंच झालंय. न्यायाधीशांनी पुरं करू दिलं. निकाल सोमवारी. आज प्राचार्यांची नोटीस हातात पडली: सरकारी कॉलेजात शिकवता आणि असल्या सभेला गेलात कशा? डॉक्टर मागणं गुन्हा, माइक देणं गुन्हा, आता नुसतं ऐकणंही? उत्तर लिहायला बसलेय, लांबणार आहे.

सही करू नकोस. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस. आणि साहेबांना म्हणावं, पत्र शेवटपर्यंत वाचा.

तुझी,
अजून बोलत असलेली ताई