बेसनाची पृथ्वी

५ जानेवारी, दुपारी
आजपासनं लिहायचं ठरवलं. आदितीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी हायत. कुणी वाचणार न्हाय. सातवी शिकलेल्या बाईच्या चुका कोण काढतंय!

झालंय असं. युनिट टेस्टात आदितीला वीसपैकी तीन. ह्यांची बहीण, स्नेहलवन्सं, गडहिंग्लजला शाळंत शिकवत्यात. फोनवर म्हणाल्या, वहिनी, पोरगीला इकडं पाठवा, माझ्याच शाळंत घालते, वर्साच्या मधनंच घेत्यात. हे म्हणाले, पुढच्या टेस्टात मार्क पडलं तर ऱ्हाऊ दे, न्हायतर जाऊ दे.

जाऊ दे म्हणं. आठ वर्सांची पोरगी.

मी घाबरले न्हाय. नुसतं चहात साखर दोनदा घातली.

६ जानेवारी
शाळंत जाऊन आले. मॅडम म्हणाल्या, पृथ्वीचे थर हिच्या डोक्यातच शिरत नाहीत, पुढच्या टेस्टलाही तेच आहे, खायच्या वस्तूंचं मॉडेल करा, पण तिच्या हातानं करून घ्या. उकडलेला बटाटा घ्या म्हणाल्या. म्हटलं, आम्ही जैन, आमच्यात बटाटा चालत न्हाय. मग म्हणाल्या, अहो, लाडू करा, काहीही चालेल.

लाडू! आता कोण हरवतंय मला. विसात वीस.

८ जानेवारी
आत काजू, तो इनर कोर. भोवती गूळ, तो आउटर कोर. मग बेसन, ते मँटल. वरनं तिळाचा पातळ थर, क्रस्ट. कसलं डोकं चाललंय माझं!

आदिती हात घालायला आली. गूळ गरम होता. दोन वर्सांची असताना माझी जरा पाठ फिरली आन् हिच्या मनगटावर उकळतं दूध सांडलं. डाग अजून हाय. म्हटलं, लांब बस आन् बघ नुसतं. बघून पण येतंय.

बघितलं थोडा वेळ. मग टीव्ही बघितला.

९ जानेवारी
आज लाडू कापून थर दाखवायचे होते. शाळंतनं यायला साडेपाच. आमच्यात दिवस बुडायच्या आत खायचं. म्हणजे पाऊण तासात शिकायचं पण आन् खायचं पण. आदिती म्हणाली, आई, मी कापते की गं. म्हटलं, बोट कापशील, आन् टाइम कुठाय? मीच कापला. चारी थर स्पष्ट! नावं पण मीच सांगितली. तिनं चार लाडू खाल्लं.

म्हणजे चार वेळा रिव्हिजन झाली.

१३ जानेवारी
तोंडी परीक्षा घेतली. विचारलं, मँटल कुठं असतंय? म्हणाली, डब्यात.

हुशार हाय. जरा वेगळा विचार करती.

मला मात्र भांडी घासता घासता सगळं पाठ झालंय, किलोमीटरसकट. मँटल दोन हजार नऊशे. शाळंत असताना हे कुणी लाडवातनं सांगितलं असतं तर!

१६ जानेवारी
टेस्ट झाली. पेपर सोपा गेला म्हणाली. काय काय लिहिलंस विचारलं तर म्हणाली, भूक लागलीया.

१८ जानेवारी
वीसपैकी चार. तिनाचं चार झालं. वाढतंय की.

वन्सं आल्या होत्या. सगळ्यांच्या देखत आदितीला विचारलं, सांग बघू, जमिनीच्या पोटात काय काय असतंय? ती माझ्याकडं बघाय लागली. म्हणाली, आत्या, आईला विचार, तिला सगळं येतंय.

मग काय! घडाघडा सांगितलं. क्रस्टपासनं इनर कोरपर्यंत, एक चूक न्हाय. हे तर बघतच ऱ्हायले. वाटलं, जिंकलं. पोरगी आता कुठं जात न्हाय.

वन्सं म्हणाल्या, वहिनी, तुम्ही पास झालासा! आता पोरगीला कवा शिकू देणार?

सगळी हसली. मी पण हसले. मग ह्यांनी माळ्यावरनं बॅग काढली.

२० जानेवारी
एसटी नऊची. खिडकीबाहेर हात काढू नको, म्हणून पाच वेळा सांगितलं. डब्यात पंधरा लाडू दिलं. सगळं कापूनच दिलं, तिला सुरी घ्यायला नको.

रडली न्हाय. गाडीत बसायचा आनंद असतोय पोरांना.

महिन्यात परत येती बघा. ह्यांना तसं सांगितलं. हे पेपर वाचत होते.

२७ जानेवारी, सकाळी
वन्संचा फोन. आदिती नुसती ओरडत होती. आई, मी ज्वालामुखी केला! पीठ मी मळलं, डोंगर मी केला, काकवी मी तापवली! वरनं ओतली तर भसाभसा खाली! बोटाला चटका बसला एवढासा, पण मी रडले न्हाय. सगळ्या वर्गाला मीच सांगितलं, लाव्हा कुठनं येतोय ते.

मला पुढचं ऐकूच आलं न्हाय. वन्संवर ओरडले, लेकराला गॅसजवळ कशाला सोडलं? वन्सं म्हणाल्या, शेजारीच हुते की ओ मी.

म्हटलं, रविवारी येते. मीच येऊन शिकवते.

आदितीनं फोन घेतला. मग हळूच म्हणाली, एवढ्यात येऊ नको गं आई. तू आलीस की सगळं तूच करतीस.

२७ जानेवारी, दुपारी
शांतपणानं विचार केला. आईला काम पडू नये म्हणून म्हणाली पोरगी. एवढ्याशा जिवाला केवढी काळजी!

ह्या रविवारी न्हाय जात. पुढच्या रविवारी जाईन.

न्हायतर ती म्हणंल तवा.