सोबत नावांची यादी

शनिवार पेठ, पुणे
२२ मार्च २०२५

चि. सुरुचीस, उल्काताईचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

वि. वि. वाघोलीच्या नळाला पाणी यावं म्हणून तुम्ही अकरा जणांनी रस्ता अडवलात. पाणी आलं नाही, पोलीस आले. बाकीचे दहा जण वर्षभर आंदोलन करणार नाही असं हमीपत्र देऊन घरी गेले. तू मात्र तुरुंगात ठाण मांडून बसलीस.

आईचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या. ती रोज तुला विचारते आणि मी सांगते, टँकरची वाट बघत थांबली आहे. एकवीस वर्षं मी तुमच्या पाण्यासाठी अर्ज करते आहे, मला कुणी अटक केली नाही. सही कर आणि ये.

लोभ आहेच, सही केलीस तर वाढेल.
ताई

येरवडा
२६ मार्च

ती. उल्काताईस सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. आईचं लिहिलेलं दोनदा वाचलं. पण सही केली तर पाणी मागणं हा गुन्हा होता असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. तुझ्या अर्जांनी खडकवासला धरणाचा थेंब वाघोलीला आला नाही, पोचपावत्यांची पेटी तेवढी भरली.

आम्ही बसायच्या आधीच पोलिसांकडे आमची यादी होती. नाव, पत्ता, वय. एकेकाला हाक मारून उचललं. आईला सांग, येते. कधी ते सांगू नकोस.

लोभ असू दे, अटी नकोत.
सुरुची

शनिवार पेठ
३० मार्च, पाडवा

चि. सुरुचीस आशीर्वाद, द्यायचा हक्क उरला असेल तर.

गुढी उभारली नाही. आईला ऑक्सिजन लावलाय.

ती यादी मी दिली. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून चौकीत आंदोलनाच्या परवानगीचा अर्ज केला. जोडपत्राशिवाय अर्ज द्यायचा नाही ही माझी सवय. तुझ्याकडे जेवायला आले होते, तेव्हा तुमच्या बैठकीच्या वहीतून नावं उतरवून घेतली. पहिलं तुझं. काय रागवायचं ते इथे येऊन रागाव. मी पाया पडते, ये.

ताई

येरवडा
४ एप्रिल

ती. ताईस सा. न.

मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साहेबांनी यादी पुढे ठेवली आणि तुझं अक्षर ओळखलं, समासाच्या लाल रेघेसकट. माझं वय तू दोन वर्षांनी कमी लिहिलं होतंस. चौकीतही माझी लाज राखलीस! बाकीच्यांना मी काही बोलले नाही.

आज सही केली. हरले ग ताई. कागद फिरून सोमवारी सुटेन, तोवर आईला धरून ठेव. आणि एक वचन दे, यापुढे कुणाचं नाव कुणाला लिहून द्यायचं नाही.

अजूनही तुझीच,
सुरुची

शनिवार पेठ
६ एप्रिल, रविवार

चि. सुरुची,

हे पत्र उद्या फाटकापाशी तुझ्या हातात देईन, तोंडानं सांगायचा धीर नाही. काल सकाळी आई गेली. तुझं पत्र तुझ्या वकीलबाईंनी शुक्रवारीच आणून दिलं होतं. आईला वाचून दाखवलं. सोमवारला किती दिवस आहेत, असं तिनं विचारलं.

अंत्यदर्शनासाठी तुला दोन तास सोडावं म्हणून मी अर्ज घेऊन धावले. तुरुंगाचे साहेब म्हणाले, सोडतो, पण अंत्ययात्रेला कोणकोण येणार त्यांची नावं-पत्ते जोडा. पेन हातात घेऊन अर्धा तास बसले. शेवटी एकच नाव लिहिलं, माझं. यादी अपुरी म्हणून अर्ज परत आला.

तुझे दहाही जण वाघोलीहून आले होते. खांदा त्यांनीच दिला. मी बरोबर केलं का, एवढं उद्या सांग.

लोभ मागायला आता तोंड नाही.
ताई