रूपचंदमामांचा मान आणि कार्डाचा विमा

जामनेर,
सोमवार

ती. अक्का हिला धाकट्या जीवरामचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? धुळ्याच्या त्या नव्या डॉक्टरने दिलेलं तेल लावतेस, की बाटली कपाटात ठेवून दुखणं तेवढं गल्लीत सांगत फिरतेस? हे फोनवरही विचारता आलं असतं. पण तू फोन स्पीकरवर टाकतेस, आणि मला बोलायचंय ते तुझ्या शेजारणीच्या मुलाबद्दल. ती माउली सदा तुझ्या ओट्यावरच बसलेली असते. म्हणून पत्र लिहितोय. वाचून झालं की फाडून टाक.

आपल्या पुनमसाठी तू सुचवलेलं हेच स्थळ काल येऊन गेलं. पण स्थळाआधी विम्याचं सांगावं लागेल. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो, तेव्हा ज्या बँकेत पैसे ठेवले तिने एक क्रेडिट कार्ड माझ्या गळ्यात मारलं. इथवर ठीक होतं. पेट्रोल भरतो, पुनमची पुस्तकं मागवतो, बिल आलं की त्याच दिवशी सगळं भरून मोकळा होतो. आता बँकेतली एक बाई रोज जेवायच्या वेळेला फोन करते आणि फार गोड आवाजात विचारते, की सर, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर कार्डाचं बिल कोण भरणार? (आपली आई एवढ्या मायेने कधी बोलली नाही.) म्हणून म्हणे कार्डाचा सुरक्षा विमा घ्या. मेलात तर थकलेलं बिल विमा कंपनी भरेल, नोकरी गेली तर काही महिन्यांचे हप्ते भरेल, कार्ड चोरीला गेलं तर नुकसान भरून देईल. आता बघ. माझं बिल थकलेलंच नसतं, तर मेल्यावर कंपनी भरणार काय? नोकरीवरून मला सरकारनेच सन्मानाने काढलंय, आता वच्छलाने घरातून काढलं तरच काढलं. आणि कार्ड वच्छलाच्या डाळीच्या डब्यात असतं, तिथून ते मलाच सापडत नाही तर चोराला काय सापडणार. आम्हाला वीज केंद्रात हेल्मेट मिळायचं, ते ज्याच्या डोक्यावर असेल त्याचं डोकं वाचवायचं. इथे हेल्मेट बँकेच्या डोक्यावर आणि पैसे माझ्या खिशातून. यांना उसनवारी बुडायची भीती, तर विमा यांनी काढावा.

असा मी तापलेला असताना तुझं स्थळ निघालं त्याच बँकेतलं, आणि तेही जळगावच्या शाखेत याच कार्ड विभागात. तू फोनवर नुसतं 'बँकेत आहे' म्हणालीस. कसाईसुद्धा प्राण्यांच्या धंद्यात आहे असं सांगता येतं. तरी मी गप्प बसलो, कारण पुनमने आजवर आलेली सगळी स्थळं परतवली आहेत, आणि हे परतवलं तर पुढे कुणी येईल की नाही या काळजीने वच्छलाला हल्ली झोप नाही. मलाही नाही, पण मी तसं दाखवत नाही.

तर रविवारी आले. मुलगा कुंदन, त्याचे आईवडील आणि मामा रूपचंद. हा मामा म्हणजे काय वर्णावा. हातात सोनेरी घड्याळ, खिशाला चार पेनं आणि धंदा विम्याची एजन्सी, त्यात हा कार्डाचा विमाही आलाच. भाच्याला बँकेत चिकटवलं तेही यानेच, आणि हे त्याने आमच्या उंबऱ्यात चप्पल काढतानाच सांगून टाकलं. वच्छलाने खापरावरचे मांडे केले होते, आमरस होता. मी मात्र मनात सापळा लावून बसलो होतो. पोराला म्हणायचं, तुमच्या बँकेचा तो कार्डाचा विमा मला समजावून सांगा आणि घेऊ की नको ते बोला. 'घ्या' म्हणाला तर खोटारडा, पोरगी द्यायची नाही. 'काय की बुवा' म्हणाला तर स्वतःच्या धंद्यातलंही न कळणारा ठोंब्या, तरी द्यायची नाही. दोन्हीकडून दार बंद. मला माझं फार कौतुक वाटलं.

मी विचारलं, आणि पोरगा तोंड उघडायच्या आत मामाच सुटला. मरण, अपघात, चोरी, बेकारी, सगळी अरिष्टं त्याने मांडे वाढायच्या आधी आमच्या घरावर आणून ठेवली. वर म्हणतो, "ह्या कामामा आमना कुंदन बठ्ठास्ना पुढे शे." म्हणजे हा विमा खपवण्यात भाचा सगळ्यांच्या पुढे. कुंदन खाली मान घालून सतरंजीचे दोरे काढत होता. एवढ्यात पुनम पोह्यांचे ताट घेऊन आली. मुलाच्या आईने रिवाजाप्रमाणे म्हटलं, बेटा, तुलाही काही विचारायचं तर विचार. आजवर असं म्हटल्यावर कुठल्या मुलीने खरंच विचारलंय? आमच्या बाईसाहेबांनी ताट खाली ठेवलं आणि सरळ कुंदनला विचारलं, "हा विमा तुम्ही स्वतः घेतलाय का?"

"नाही," तो म्हणाला.

"मग बाबांनी घ्यावा का?"

त्याने मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "नको. ज्याचं बिल साचत जातं आणि घरात दुसरं कमावणारं नाही, त्याला एखाद वेळी उपयोग होतो. काका सगळं बिल भरतात. कार्ड हरवलं तर लगेच बँकेला कळवून बंद करावं, त्याला पैसे पडत नाहीत."

अक्का, माझ्या सापळ्यात हे तिसरं दार नव्हतंच. मामा लाल होऊन उठला आणि पानावर न बसता गाडीत जाऊन बसला. मांडे तसेच राहिले. त्याच्यामागे सगळेच उठले. वच्छला रडायला लागली आणि शेजारपाजारचे खिडक्यांना लागले. आता तूच सांग, जो पोरगा सख्ख्या मामासमोर आपल्याच बँकेचा माल नको म्हणतो, तो नोकरी काय टिकवणार? आज बँकेला फिरला, उद्या सासऱ्याला फिरेल. शेजारणीला गोड शब्दांत सांग की पत्रिका जुळत नाही. तुमच्याकडच्या थोरांना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद, आणि स्थळं आणणाऱ्यांना सद्बुद्धी.

तुझा धाकटा,
जीवराम

ता. क. : पत्रिकेचं बोलू नकोस. पाकीट चिकटवताना वच्छलाने पत्र वाचलं आणि एवढंच म्हणाली, "पोरले इचारं का?" विचारलं. पुनम म्हणते, लग्न करीन तर याच्याशी. इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून हसत 'हो' म्हणालेली हीच पहिली वेळ. मला भरून आलं, काय लपवू. पोरगा चांगला आहे अक्का, मला तो तेव्हाच आवडला होता, म्हणूनच एवढा राग आला.

दुसरा ता. क. (बुधवार) : पाकीट अजून खिशातच आहे. काल मुलाच्या आईचा निरोप आला की मुलगी पसंत आहे, पण भाऊ रुसलाय, आणि मुलाच्या पाठीशी मामा उभा राहणार नसेल तर मांडव पडणार नाही. म्हणून आज टॉवेल-टोपी, नारळ घेऊन जळगावला त्याच्या दारात गेलो. तास गेला तरी हा माणूस मान वर करेना. शेवटी टोपी बाजूला सारली, ड्रॉवर उघडला आणि एक फॉर्म पुढे केला. अक्का, मी सही केली. सही होताच चहा आला, खारी आली, 'व्याही' अशी हाकही आली. (टॉवेल-टोपीही ठेवून घेतली, ती वेगळी.) हे कुंदनला कळू देऊ नकोस. त्या पोराने माझ्यासाठी मामाचा रोष पत्करला आणि मी जाऊन तोच विमा घेऊन आलो, हे कळलं तर मी त्याला तोंड कसं दाखवू.

तिसरा ता. क., आणि खरं काम हेच : पुनमने कागद बारकाईने वाचले. घेतल्यापासून महिन्याच्या आत विमा परत करता येतो, पैसेही परत मिळतात. पण आत्ता परत केला तर मामा पुन्हा गाडीत जाऊन बसेल. एकदा मांडवात भाच्याच्या पाठीशी उभा राहिला, अक्षता पडल्या, की मग खुशाल रुसू दे. तेव्हा गुडघे दुखोत की काही होवो, आजच शेजारणीकडे जा आणि महिन्याच्या आतली लग्नाची तारीख काढून आण. भटजी मुहूर्त नाही म्हणाले तर दुसरे भटजी बघ. मुहूर्त टळला तरी चालेल, मुदत टळता कामा नये.