टॉर्चले सोयरे कायले पायजेत?

मंगळवार, दिवेलागण. मुकुटबन.

हसू थांबूनच नाही राह्यलं! गोठ्यात जाण्यासाठी फोनात टॉर्चचं नवीन अ‍ॅप घेतलं. उघडलं, तं त्यानं विचारलं, तुमच्या फोनातले सगळ्यायचे नंबर पाहू का? मी 'हो' दाबणारच होती, तेवढ्यात सासूबाईनं माहा हात धरला. "टॉर्चले आपले सोयरे कायले पायजेत? आपल्या तांड्यात नवा माणूस आला तं आधी स्वतःचं गोत सांगते, मंग आपलं विचारते. यानं सांगतलं का?"

नाही सांगतलं. टॉर्चले सोयरे... मले हे आजवर काहून नाही सुचलं?

भीत भीत 'नाही' दाबलं. वाटलं, आता बसा अंधारात. पण टॉर्च लागली की लखलखीत!

तिकडं गाय हंबरून राह्यली, अन् आम्ही दोघी खाटेवर बसून, सेटिंगात जाऊन बाकीच्या अ‍ॅपलेही 'नाही' दाबून राह्यलो.