राहिलेली सही

वेलचेरी, चेन्नई
मंगळवार, ८ जुलै २०२५

चि. विद्यूस आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. शार्दूलचं कॉलेज सुरू झालं असेल. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. इथला उकाडा असा की धुतलेलं लुगडं वाळतं, आणि नेसलं की पुन्हा ओलं.

पत्र बघून दचकू नकोस. कोणी मेलेलं नाही. फोनवर तू मध्येच "ठेवते गं आई, कुकर झाला" म्हणतेस, आणि मला हे एका दमात सांगायचंय. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण माझं आहे. ऊर्मीकडून लिहून घेता आलं नसतं. का ते कळेल.

मकरंदनं ऊर्मीला शाळेतून काढलंय हे तुला ठाऊक आहे. मला ऐकून घेरीच यायची राहिली. आठ वर्षांची पोर, आईबाप दोघं शिकलेले, आणि म्हणे घरीच शिकवणार. मी म्हटलं, "अरे, लोक शाळेत घालायला उंबरे झिजवतात आणि तू काढतोस?" तर म्हणतो, "आई, तिथं ती रोज रडत जायची. इथं हसत उठते." हसत उठते हे खरं आहे. उठून सगळ्यांना छळते हेही खरं आहे.

यांची शाळा कशी, तर सौम्या इडलीचं भिजवताना हिला गणित घालते. चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद, तर सहा वाट्यांना किती? पोरीनं सहाला तीन सांगितलं, आणि सौम्यानं तसंच भिजवू दिलं! इडल्या झाल्या रबराच्या. दोन दिवस सगळ्यांनी त्याच खाल्ल्या. ऊर्मी म्हणाली, "आता कधी विसरणार नाही." मी म्हटलं, "माझी कवळीपण विसरणार नाही."

आणि घरात खोडरबर नाही. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. चूक दिसत राहिली पाहिजे, म्हणते सौम्या. आमच्या पाटीवर थुंकी लावली की झालं होतं.

मराठी माझ्याकडे आलं. सौम्या तंजावरकडची, घरात त्यांचं ते जुनं मराठी बोलते, पण आपली अक्षरं तिला वाचता येत नाहीत. मकरंदच्या कानात दिवसभर ते फोनचं बूच. म्हणून दुसरीतून उठलेली मी मास्तरीण. तू पाठवलेलं पुस्तक पोरीनं महिन्यात संपवलं. मग मी म्हटलं, माझ्या ट्रंकेत लग्नपत्रिका आहेत, त्या वाच. छापील, मोठी अक्षरं.

वर पत्रिका होत्या. खाली प्लॅस्टिकची पिशवी होती. मागे इथं पाणी भरलं तेव्हा गादीच्या आधी ती पिशवी मी माळ्यावर टाकली होती. म्हणजे तीत काय आहे हे विसरले होते असं म्हणायला मला जागा नाही. पोर हातानं लिहिलेलं वाचायला लागलीय, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी मी डाळ निवडत होते. ही फरशीवर पालथी पडून मोठ्यानं वाचायला लागली. "प्रगतीपुस्तक. इयत्ता सातवी. कुमारी विद्युलता..."



"वर्गात क्रमांक, पहिला. शेरा, हुशार मुलगी. पुढे शिकवावे." मग मान वर करून, "आजी, ही आपली आत्या? पण आत्या तर म्हणते ती नापास झाली होती."

मकरंदनं कानातलं काढलं. आला, ते हातात घेतलं, उभ्या उभ्या दोनदा वाचलं. "आई, हे काय आहे?" त्यानं वर्ष बघितलं आणि मनात आपलं वय मोजलं असणार, कारण चेहरा उतरला. "मला सांभाळायला?" म्हणाला. ताटावर बसला नाही. सौम्यानं माझ्यापुढचं सूप उचलून नेलं. तेव्हा दिसलं, खडे काढून मी डाळीतच टाकत होते.

तर ऐक.

निकालाच्या दिवशी तुला कांजिण्या होत्या, म्हणून मी गेले होते. बाईंनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, पोरगी पहिली आलीय, हायस्कूलला घाला. वाटेत येताना मी ठरवलं. आपल्याला पंधरा दिवसांत बार्शीला जायचं होतं, डाळमिलमध्ये मला काम लागलं होतं, मकरंद दीड वर्षाचा. त्याला कोण बघणार? "पुढे शिकायचं नाही" म्हटलं असतं तर तू रडली असतीस आणि तुझे वडील विरघळले असते. नापास झालीस म्हटलं, तर तूच मान खाली घातलीस. भांडलीसुद्धा नाहीस. "पुन्हा बसू का?" एवढं विचारलंस. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.

ते वर्ष आलं नाही. मला वाटलं होतं तू विसरशील. पण तू बँकेत गेलीस की म्हणायचीस, मला काय कळतंय, मी सातवी नापास. शार्दूल वही घेऊन आला की म्हणायचीस, बाबांना विचार, मी ढ. मी तिथं बसलेली असायचे, चहा पीत.

तेव्हा दुसरी वाट नव्हती असं आधी लिहिलं होतं. रेघ मारली, दिसेल तुला. मिलमधल्या बायका पोरं झोळीत घालून आणायच्या. मला ते नको होतं.

रडून भिजवलेलं पत्र मला लिहिता येत नाही. माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझं तू बघ. मकरंद तीन दिवस कामापुरतं बोलतोय. ऊर्मी रोज सकाळी विचारते, "आजी, आत्याला सांगितलंस?" काल म्हणाली, "रविवारपर्यंत सांग. नाहीतर मी फोनवर वाचून दाखवते." तुझी भाची आहे, दाखवेल.

तू नापास नव्हतीस. पहिली आली होतीस. प्रगतीपुस्तक सोबत पाठवतेय, कडा उंदरानं खाल्ल्या आहेत, आकडे शाबूत आहेत. ते शार्दूलला वाचून दाखव. तू वाच, त्याला वाचायला देऊ नकोस.

शेवटच्या पानावर खाली एक जागा तेहतीस वर्षं रिकामी होती. तिथं आज सही केलीय आणि तारीख आजचीच घातलीय, मागची नाही.

पालक,
सईबाई